घरचीच फळी

ता. ४ मार्च

रा. रा. जावईबापू यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि. सप्रेम हा शब्द रीत म्हणून लिहिला आहे, त्यातून वेगळा अर्थ काढू नये.

पत्राला उशीर झाला, माफी असावी. एक तर चष्म्याची काडी मोडली होती. दुसरं म्हणजे तुम्हाला लिहायला बसलो की लेखणी जोरात दाबली जाते आणि कागद फाटतो. तुमच्या सासूबाई म्हणाल्या, राग उतरल्यावर लिहा. आठवडाभर वाट पाहिली, राग काही उतरेना. म्हणून आता रागातच लिहितो आहे. फोन करणार नाही. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही बोलत नाही.

ढब्बूने कळवलं की त्याला कामावरून घरी बसवलं आहे आणि खाण-निरीक्षकांपुढे चौकशी लागली आहे. तुमच्या खाणीत एक माणूस हवा न मिळून पडला आणि खापर माझ्या पोराच्या डोक्यावर फुटतंय. कशापायी? एका फळीपायी! बोळाच्या तोंडाशी तुम्ही टाकलेली फळी त्याने डबा खाताना बसायला घेतली. जावईबापू, पोराने काय चिखलात बसून जेवायचं? फळी लाकडाची असते आणि लाकूड बसायला असतं, इतकं शहाणपण तर सुपरवायझर होण्याआधी तुम्हालाही असेल. वर त्याच्याविरुद्ध लेखी कळवलं कोणी? तर सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याने. शत्रू परवडला, तो निदान दारात येऊन शिव्या देतो.

मी खाली उतरलो नसेन, पण जन्म खाणीच्या दिवाघरात गेला आहे. माणसांच्या हातात दिवे देऊन त्यांना खाली पाठवलं आणि संध्याकाळी परत घेतलं. सुपरवायझर नावाचा प्राणी मी जवळून पाहिला आहे. त्याच्या हातून काही चुकलं तर फार तर कानउघाडणी होते. मजुराच्या मात्र पोटावर पाय येतो. तेव्हा तुम्ही चौकशीत इतकंच म्हणायचं की त्या दिवशी फळी लावायची राहून गेली. एक वाक्य. त्याला काही जास्तीचं शिक्षण लागत नाही.

तुम्हीच त्याला तिथे चिकटवलंत हे मी विसरलेलो नाही. पण चिकटवायचं आणि वर उपटायचं, याला उपकार म्हणत नाहीत. छोटीला माझा पापा द्या. लोभ आहे तेवढा राहू द्यावा, वाढवायची घाई नाही.

तुमचा,
सासरा


ता. ११ मार्च

ती. मामांच्या सेवेशी,
शि. सा. नमस्कार. पत्र मिळालं, दोनदा वाचलं. सासूबाईंनी आपल्याला आठवडाभर थांबवलं त्याबद्दल त्यांचे आभार सांगावेत. थांबवलं नसतं तर काय लिहिलं असतंत याची कल्पना येते.

ढब्बूने आपल्याला अर्धंच सांगितलेलं दिसतं, म्हणून बाकीचं लिहितो. पाळी खाली उतरायच्या आधी सगळे बोळ फिरून हवा आणि छत तपासणं हे सुपरवायझरचं काम. मर्जीचं नाही, कायद्याने गळ्यात घातलेलं. त्या सकाळी डावीकडच्या जुन्या बोळात हवा मेलेली होती. तिला वास नसतो, रंग नसतो. आत शिरलेल्या माणसाला वाटतं, थकवा आला, जरा टेकावं. टेकला की उठत नाही. मी तोंडाशी आडवी फळी टाकली, तिच्यावर खडूने मोठी फुली आणि तारीख घातली आणि पाळीला गोळा करून सांगितलं. खिळे मारायला सुतार मागितला होता, तो मॅनेजरसाहेबांनी दुपारनंतर देतो म्हणून सांगितलं.

फळी लावणं माझ्याकडे. ती न हलवणं प्रत्येक मजुराकडे, आणि हललेली दिसली तर मला येऊन सांगणंही त्यांच्याकडेच. कायद्यात दोन्ही बाजूंना काम वाटून दिलेलं आहे. ढब्बूने जेवणाच्या सुट्टीत ती उतरवली. का उतरवलीस विचारल्यावर म्हणाला, दाजींची फळी म्हणजे घरचीच फळी, जेवून झाल्यावर परत ठेवणार होतो. जेवून झाल्यावर विसरला. टेकूची लाकडं वाहणारा एक जण आहे, उंच म्हणून त्याला सगळे लांब्या म्हणतात. तो सकाळभर वर वखारीत होता, माझं बोलणं त्याने ऐकलं नव्हतं. त्याने बोळ उघडा पाहिला आणि जुनी लाकडं आणायला आत गेला. आत जमिनीवर दिवा दिसला तेव्हा आम्हाला कळलं. पाठीवर हवेची टाकी बांधून मी आणि पाळीतल्या आणखी एकाने त्याला बाहेर ओढला. जगला आहे. पुरता नाही.

फळी लावली नव्हती असं मी म्हणालो तर कानउघाडणीवर भागणार नाही, परवाना जाईल. पण ते सोडा. मी ती लावली होती. शिवाय त्या दुपारी माझ्या हातूनही एक चूक झाली आहे. ती चौकशीतच सांगेन, पत्रात नाही.

आपला राग आशीर्वाद समजून डोक्यावर घेतो. मायेत कमी करू नये.

आपला,
जावई


ता. १६ मार्च

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझ्या नवऱ्याचं पत्र आलं. अक्षर मोत्यासारखं आहे. मजकूर विजेचं बिल. लग्न ठरवताना हा माणूस फार कमी बोलला, तेव्हा मला वाटलं, गंभीर आहे. आता कळतंय, कंजूष आहे. सासऱ्यासाठी एक खोटा शब्दसुद्धा खर्च करवत नाही. मला हवा शिकवतो! मेलेली हवा म्हणे. यांच्या घरात ज्या हवेत वावरतेस तीही तसलीच असणार, कारण तुझंही दोन महिन्यांत पत्र नाही.

शेवटी लिहितो, माझ्या हातूनही एक चूक झाली, पण ती तुम्हाला सांगणार नाही. ही कसली चूक, जी निरीक्षकाला सांगायची आणि सासऱ्याला नाही? असल्या माणसाची चूक ती केवढी असणार! डब्यातलं मीठ सांडलं असेल.

पोरी, तुझा भाऊ आहे तो. त्याचा इतिहास तुला ठाऊक आहे. छापखान्यात शाईचा वास सोसला नाही, बेकरीत आच सोसली नाही, शिंप्याकडे बसून पाठ दुखली. ज्याला सावलीतसुद्धा घाम येतो तो खाणीत टिकला, हे मला अजून खरं वाटत नाही. हीही नोकरी गेली तर त्याला दारात कोण उभं करेल? माझं पोट पार बिघडलं आहे. डॉक्टर म्हणतो, काळजी सोडा. त्याला म्हणायला काय जातं? त्याचा मुलगा डॉक्टर आहे.

तू नवऱ्याला जेवायला वाढताना सांग. पुरुषाला पोटातून सांगितलेलं पटतं असं तुझी आई म्हणते. म्हणजे जन्मभर मला जे जे पटत आलं ते कुठून पटत होतं, हे मला या वयात कळलं. असो. छोटी बोलायला लागली का? बापावर गेली असेल तर वाट पाहू नका.

उत्तर धाड आणि काम झाल्याचंच धाड.

तुझा,
बाबा


ता. २२ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. पत्र पोचलं. नवऱ्याची निंदा बायकोच्या नावे टपालात टाकायची ही पद्धत मला आवडली. पुढच्या वेळी तुमची आईच्या नावे टाकेन.

मी लांब्याला पाहायला दवाखान्यात गेले होते. त्याच्या बायकोने मला स्टूल दिलं आणि स्वतः उभी राहिली, कारण मी सुपरवायझरची बायको. मी ढब्बूची बहीणही आहे हे तिला माहीत नव्हतं. न सांगता उठून यावं असं फार वाटलं. सांगितलं. तिने स्टूल परत मागितलं नाही, पण माझ्याकडे पाठ करून चादर सारखी करत राहिली. लांब्या मला ताई म्हणाला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, या बाई कोण. सांगितल्यावर पुन्हा ताई म्हणाला. मग पुन्हा विचारलं. हातात पेला धरता येत नाही, बायको तोंडाला लावते. तुमच्यासारखाच पाण्यातसुद्धा खोट काढतो, गार नाही म्हणाला.

आता ती चूक. यांनी तुम्हाला लिहिली नाही, मीही लिहिणार नव्हते. पण तुम्ही मिठावर घसरलात म्हणून लिहिते. त्या संध्याकाळी यांची विजार धुवायला घेतली तर बसायच्या जागेवर पांढरी फुली उमटलेली. कोळशाच्या काळ्यावर ठसठशीत फुली, आणि खाली उलटी तारीख, आरशात दिसते तशी. मी हसले. म्हटलं, कोणत्या मास्तरांनी तुम्हाला नापास केलं? हे हसले नाहीत, तिथेच मोरीच्या कडेला बसले. दुपारी ढब्बूने यांना हाक मारली होती की दाजी, उभ्याने खाल्लेलं अंगी लागत नाही, या इकडे, आणि सरकून जागा केली होती. हे बसले. स्वतः लावलेल्या फळीवर बसून डबा खाल्ला आणि उठून दुसऱ्या बाजूला कामाला गेले. फळी हलली का हे पाहायचं काम ज्याच्याकडे, त्याने खाली पाहिलं नाही. थट्टा चालली होती, बाबा. तुमचीच. चष्मा कपाळावर ठेवून तुम्ही घरभर चष्मा शोधता त्याची.

विजार मी धुतली, फुली गेली. ही गोष्ट आमच्या तिघांत आहे, आता तुम्ही चौथे. चौकशीत ती चूक हे आपण होऊन सांगणार आहेत. नाही सांगितली तर काय होईल, असं मी एकदा विचारलं. हे छोटीच्या चपलेचा बंद शिवत बसले.

मी कुणाला काही वाढताना सांगणार नाही. छोटी बोलते. तिचा पहिला शब्द नाही असा आहे. कुणावर गेली ते तुम्हीच ठरवा. आईला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
ताई


ता. २७ मार्च

चि. ढब्बूस आशीर्वाद.

हे पत्र एकट्याने वाच आणि वाचून फाड. ताईच्या हाती लागता कामा नये.

अरे मूर्खा, हातात हुकमाचं पान असून तू रडत बसला आहेस! दाजी तुझ्याशेजारी त्याच फळीवर बसून जेवला की नाही? मग हे तू कुणाला सांगितलं का नाहीस? का तुझं लक्ष डब्यात होतं? लहानपणापासून तुझं लक्ष डब्यातच आहे. आमचे साधुपुरुष फळीवर बसून जेवले आणि तोंड पुसून तुझं नाव कळवून मोकळे झाले. मला पत्रात कायदा शिकवत होते, दोन्ही बाजूंना काम वाटून दिलंय म्हणे. स्वतःच्या बुडाखालची बाजू विसरले.

आता मी सांगतो तसं कर. चौकशीआधी त्याला एकटा गाठ. सांग की फळी लावली नव्हती असं तुम्ही म्हणालात तर मी गप्प बसतो, नाहीतर साहेबही बसले होते हे सगळ्यांपुढे सांगतो. ताई म्हणते तो स्वतःच सांगणार आहे. ते बायकोसमोरचं शौर्य. वेळ आली की दगडाखाली हात सापडलेला माणूस कसा मऊ होतो ते बघ. त्याचा परवाना गेला तर जाऊ दे. शिकलेला आहे, कुठेही चिकटेल. तुला गोंद लावून चिकटवला तरी तू सुटून पडतोस. म्हणून मला या वयात असली पत्रं लिहावी लागतात, याची तरी लाज बाळग.

शर्ट स्वच्छ घाल. विचारतील तेवढंच बोल. तुझी आई विचारते जेवतोस का. मी सांगितलं, त्याचीच तर चौकशी आहे.

लगेच कळव. तुझ्यावर जीव आहे म्हणून हे बोलणं, नाहीतर कोण कुणाचा.

बाबा


ता. ६ एप्रिल

ती. बाबा,
नमस्कार. माझं पत्र पाहून दचकला असाल. मीही लिहिताना दचकलोच आहे. चौकशी झाली.

तुमचं पत्र फाडलं नाही, खिशात होतं. आधी मी तुमचंच ऐकलं, खोटं कशाला सांगू. कचेरीच्या जिन्यात दाजींना गाठलं आणि तुम्ही लिहिलं होतं तसंच बोललो. मध्ये एकदा अडखळलो. दाजींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, बरं झालं तुझ्या लक्षात आहे, मी बसल्याचं सांगेन तेव्हा तूही हो म्हण, म्हणजे त्यांना दोनदा विचारावं लागणार नाही. मग म्हणाले, वरची गुंडी लाव. बाबा, धमकी द्यायला मी गेलो होतो आणि गुंडीही मीच लावत बसलो.

निरीक्षक म्हणजे कोणी मोठा दिसेल असं वाटलं होतं. सर्दी झालेला माणूस, नाक पुसत लिहीत होता. दाजी उभे राहिले आणि शेजारच्या घरातल्या कुणाबद्दल सांगावं तसं स्वतःबद्दल सांगत गेले. हवा तपासली, फळी लावली, पाळीला सांगितलं, जेवायला तिच्यावरच बसलो, ओळखली नाही. मॅनेजरसाहेब मध्येच म्हणाले की इतकं खोलात जायला नको. त्यांची काळजी वेगळी होती, सुताराचा विषय पुढे येत होता. आलाच. साहेबांना घाम फुटला तेव्हा मला फार बरं वाटलं, एवढंच त्या दिवसातलं सुख.

मग लांब्याला धरून आणलं. बोळात का गेलास विचारलं. तो म्हणाला, फळी नव्हती. निरीक्षक म्हणाले, जुना बोळ, अंधार, तरी शंका आली नाही? लांब्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होता, या माणसाला नोकरी कुणी दिली. म्हणाला, अहो, पण फळी नव्हती ना. पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला. जाताना माझ्यासमोर थांबला आणि मी कोण म्हणून विचारलं. बाबा, आम्ही रोज एकमेकांच्या डब्यात हात घालत होतो.

त्याच्यानंतर माझं नाव पुकारलं. फळी नव्हती हे तुमचं वाक्य तोंडात तयार होतं. पण तेच शब्द नुकतेच लांब्याच्या तोंडून ऐकले होते. मला ते म्हणवेना. होती म्हणालो, मी काढली म्हणालो, दाजी बसले तेही खरं आणि त्यांना मी बोलावलं तेही खरं म्हणालो.

मला काढून टाकलं. दाजींचा परवाना वर्षभरासाठी काढून घेतला. परवाना नाही म्हणजे सुपरवायझरी नाही. ते १४ तारखेच्या सोमवारपासून लांब्याच्या जागी लाकडं वाहायला उतरणार आहेत. त्यांच्या जागी नेमलेला सुपरवायझर गुबगुबीत आहे, त्याला खाली चालायचा कंटाळा. कोपऱ्यावरून दिवा उंच करून पाहतो आणि सगळं ठीक म्हणतो. पाळीतल्यांनीच सांगितलं.

मी इतक्यात घरी येत नाही. लांब्याला दवाखान्यात नेणं-आणणं मी करतो. त्याची बायको माझ्याशी बोलत नाही, पण दार उघडते. तुम्ही रागावला असाल. रागवा, पण आईला रागाने सांगू नका, नीट सांगा. लोभ कमी झाला असेल तर उरलेला तरी ठेवा.

तुमचा,
ढब्बू


ता. १२ एप्रिल

जावईबापू यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

ढब्बूचं पत्र आलं. तुमच्याइतका व्यवहारशून्य माणूस मी जन्मात पाहिला नाही. घरात नोकऱ्या दोन होत्या. कोणी एकाने एक वाचवली असती. तुम्ही दोघांनी मिळून दोन्ही घालवल्या आणि वर एकमेकांच्या गुंड्या लावल्यात. मॅनेजराला घाम आला म्हणे. आला असेल. तो पंख्याखाली बसून वाळवेल. त्याला मी एका पत्राचाही मान देणार नाही, नाहीतर चांगलं फैलावर घेतलं असतं.

इथे चहाच्या दुकानात माझे खाणीतले दोन जुने सोबती बसतात. एक वजनकाट्यावर होता, दुसरा माणसांना खाणीत उतरवणारा पाळणा वरखाली करणाऱ्या यंत्रावर. त्यांना मी तुमची सगळी हकिकत तिखटमीठ लावून सांगितली. दोघांनी माझी बाजू घेतली. यंत्रवाला म्हणाला, असला जावई मी उंबऱ्याच्या आत घेतला नसता. काटेवाला म्हणाला, लांब्यासारखी माणसं पडायचीच, त्यांना डोकं कुठे असतं, त्यांच्यापायी घरचा पोरगा कशाला घालवायचा. दोघं फुर्रफुर्र चहा ओढत होते आणि माना डोलवत होते. आधी मला बरं वाटलं. मग कप खाली ठेवला. हे सगळं मीच बोलत आणि लिहीत आलो होतो, पण त्या दोन गाढवांच्या तोंडून ऐकल्यावर त्याला वास यायला लागला. मी काटेवाल्याला म्हणालो, तू जन्मभर वजनात मारत आलास, तुला माणसाचं वजन काय कळणार. तो चिडला. आता तिथे जाणं बंद. या वयात दुसरं दुकान शोधायचं म्हणजे गुडघ्यांना शिक्षा, तीही तुमच्याच खाती मांडतो.

पोराला मी जे पत्र लिहिलं होतं ते त्याने खिशात ठेवलं म्हणतो, म्हणजे तुम्ही वाचलं असेल. नसेल वाचलं तर वाचू नका. वाचलं असेल तर तसं मला कळवू नका.

आता महत्त्वाचं. हा गुबगुबीत कोण? कुणाच्या वशिल्याने लागला? कोपऱ्यावर उभं राहून हवा कळते तर तो खाणीत कशाला, त्याने मंदिरात बसून भविष्य सांगावं. ताईने फोनवर तिच्या आईला सांगितलं की तपासल्याशिवाय आत पाठवलं तर मजुराला नको म्हणता येतं, तसा कायदाच आहे. आहे ना? मग म्हणा. तुम्ही आता मजूर आहात. मला नाही म्हणालात तेव्हा तुमची जीभ अडखळली नाही, आणि मी तर वडीलधारा होतो. त्या गोळ्याला नाही म्हणायला तुमचं काय जातं? कालपर्यंत आपण साहेब होतो, आज कशी तक्रार करावी, असलं काही मनात आणू नका. भीड भिकेची बहीण. तो पुढे चालला तर त्याच्या मागून जा. तो चालला नाही तर तुम्हीही हलू नका. चार लोक हसतील. हसू देत. त्यांची तोंडं मी पाहिली आहेत.

लाकूड खांद्यावर घेताना कंबरेतून वाकू नका, गुडघ्यातून वाका. हे तुम्हाला कुणी शिकवलं नसणार. ढब्बूला विचारा, त्याला एवढं तरी येत असेल. पहिल्या दिवशी जड लाकूड उचलून कुणाला काही दाखवायला जाऊ नका. तुमच्याकडे दाखवण्यासारखं काही नाही.

छोटीला पापा. ताईला म्हणावं, बाबा चिडलेले नाहीत. चिडलेलो आहे, पण तसं म्हणावं.

परवा सोमवार. पाळी सुटून घरी आलात की आधी मला लिहायचं, मग अंघोळ. फार नको, वर आलो, इतके दोन शब्द पुरे. कागद काळा झाला तरी चालेल. मंगळवारी पुन्हा लिहा, बुधवारी पुन्हा. टपालाला तुमच्या गावाहून इथवर यायला किती दिवस लागतात ते मला माहीत आहे, म्हणजे तुमचे दोन शब्द हाती येतील तेव्हाही तुम्ही खालीच असाल. म्हणून विनवतो, रोज धाडा. एकही दिवस चुकवू नका.

तुमचा,
सासरा